पूर्वेचं नेट, पश्चिमेचं नेट

आमच्या खोलीला दोन दारं आहेत. पूर्वेचं दार थोरल्याच्या घरात उघडतं आणि पश्चिमेचं धाकट्याच्या. एके काळी हे सगळं मिळून एकच घर होतं आणि ही मागची खोली म्हणजे अडगळीची जागा होती. मग घराच्या मधोमध एक पातळ भिंत उभी राहिली. दोन्हीकडून पाय ठेवता येईल अशी एवढी एकच खोली उरली, म्हणून आम्हा म्हातारा-म्हातारीची तिथे वर्णी लागली.

भिंत कुत्र्यावरून झाली. हे सांगितलं की लोक हसतात, म्हणून मी सांगायचंच सोडून दिलं आहे. आमच्या कुत्र्याचं नाव कारकून. नाव ठेवलं ते ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, कारण दारात कुणी आलं की तो आधी नुसता बघत बसायचा आणि आपलं काय काम आहे याचा नीट विचार करून मग उठायचा. फक्त धाकटा आला की विचारबिचार काही नाही, थेट उडी. कारकून म्हातारा झाला, त्याचे मागचे पाय गेले, आणि धाकटा कामासाठी परगावी असताना थोरल्याने डॉक्टरला घरी बोलावून त्याला कायमचं झोपवलं. धाकटा परतला तेव्हा अंगणात ताजी माती होती. "मला विचारलंसुद्धा नाहीस," एवढंच तो बोलला. थोरल्याने तोंड उघडलं नाही. त्याचं हे जन्मापासूनचं आहे, बोलायची वेळ आली की तो मिठाची गुळणी धरून बसतो. मग भिंत आली. दोघं भाऊ सकाळी एकाच वेळी कामाला निघायचे आणि एकाच रस्त्याच्या दोन कडांनी चालत जायचे.

थोरला बांधकामावरची उंच क्रेन चालवतो. दिवसभर इतक्या वर एकटा बसल्यावर खाली आल्यावरही त्याला बोलायची आठवण राहत नसावी. धाकटा दातांच्या कवळ्या बनवतो. माझ्या तोंडातली कवळी त्याच्याच हातची आहे, आणि त्याच्याविरुद्ध मी काही बोलायला लागले की ती बरोबर सैल होते. मी स्वतः टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होते. समोर भोकांची फळी, हातात दोऱ्या, याची दोरी त्याच्या भोकात आणि बोला बाबांनो, असं आयुष्य गेलं. आणि हे नोकरीत नकाशे काढायचे. दिशा सोडल्या तर जगात दुसऱ्या कशावर ह्यांचा विश्वास नाही. मीठ कुठे ठेवलंत असं विचारलं तर म्हणतील, "साखरेच्या ईशान्येला."

भिंत झाल्यावर दोघांनी आपापलं वेगळं नेट घेतलं. आणि दोघांनीही, एकमेकांना न सांगता, आपापल्या बाजूने भोक पाडून एकेक निळी वायर आमच्या खोलीत सोडली, बाबांच्या कॉम्प्युटरसाठी. आता आली का पंचाईत. पूर्वेची वायर लावली तर धाकट्याचा चेहरा उतरतो, पश्चिमेची लावली तर थोरला आल्या पावली परत जातो. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी ह्यांनी बाजारातून एक डबी आणली. तिच्यात मागून दोन्ही निळ्या वायरी जायच्या, पुढून एकच वायर कॉम्प्युटरकडे निघायची, आणि मधे एक फिरवायचा खटका. खटक्याच्या दोन्ही अंगांना ह्यांनी आपल्या नकाशातल्या रेखीव अक्षरांत 'पू' आणि 'प' असं लिहिलं. रविवारी दुपारची झोप झाली की हे खटका फिरवायचे. एक आठवडा पूर्वेचं नेट, पुढचा आठवडा पश्चिमेचं. दोन्ही मुलांना तसं सांगून टाकलं होतं. लोकांकडे म्हातारपणी आईबापांची पाळी लागते, आमच्याकडे वायरींची लागली.

खटका एका दमात फिरत नसे. मधे एक जागा होती तिथे तो अडायचा, आणि हे मुद्दाम त्याला तिथे थोडा वेळ ठेवायचे. त्या वेळी कॉम्प्युटर पूर्वेचाही नसायचा आणि पश्चिमेचाही नसायचा. पडद्यावर जे असेल ते तसंच थबकायचं.

पडद्यावर बंदर असायचं. कुठल्याशा परक्या बंदरावर कुणीतरी कॅमेरा लावून ठेवला आहे, आणि तिथे रात्रंदिवस जे चाललं आहे ते कुणालाही बघता येतं. ह्यांना एवढा एकच नाद. सकाळी उठलं की बंदर, जेवण झालं की बंदर. सुरुवातीला मी चिडायचे, म्हटलं, ना ओळखीचं गाव ना ओळखीचं माणूस, काय बघता त्यात. मग हळूहळू मोजे रफू करत मीही तिथेच बसायला लागले. धुकं यायचं. धुक्यातून आधी दिवा दिसायचा, मग जहाजाचं नाक, मग बराच वेळ काहीच नाही. क्रेनच्या लांब माना हळूहळू वळायच्या आणि खोक्यामागून खोकं उचलून ठेवायच्या. कधी एखादा समुद्रपक्षी कॅमेऱ्यासमोर येऊन बसला की पलीकडचं सगळं बंदर त्याच्या पोटाआड जायचं आणि आम्ही दोघं तो उडायची वाट बघत बसायचो. आवाज काहीच येत नसे. तरी दुपारी डोळा लागला की मला भोंगा ऐकू यायचा. एकदा स्वप्नात मी माझ्या जुन्या फळीसमोर बसले होते आणि प्रत्येक भोकातून पाणी दिसत होतं, आणि माझ्या हातातल्या दोरीच्या टोकाला एक बोट बांधलेली होती. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "कुठल्या दिशेला चालली होती?"

जाहिराती मला पहिल्यांदा दिसल्या त्या पूर्वेच्या आठवड्यात. बंदराच्या शेजारी, पडद्याच्या कडेला, चाकांच्या बॅगा. मग मोठी खोकी. मग घरसामान हलवणारी गाडी आणि तिच्याभोवती हसणारी माणसं, जणू सामान हलवण्याइतकी मजा कशातच नाही. आणि मग समुद्रकाठची घरं, तीन खोल्या, खिडकीतून पाणी.

"अहो, हे काय?"

"मी बंदर बघतो ना, म्हणून दाखवतात," हे म्हणाले. "आपण जे बघतो त्याच्याच भोवतालचं दाखवतात."

मला पटलं. पण रविवार आला, खटका 'प' वर गेला, बंदर तेच, धुकंही तेच, आणि बॅगा गायब. त्यांच्या जागी पाळणे. लाकडी, वेताचे, हलणारे, न हलणारे. माझ्या अंगठ्यावरही बसणार नाहीत एवढेसे मोजे. आणि अवघडलेपणी कुशीवर कसं झोपावं, याची उशी.

"आता सांगा," मी म्हटलं. "बंदरात पाळणे कुठून आले?"

ह्यांनी विचार केला. "बोटी हलतात ना," म्हणाले.

नकाशे काढण्यात हुशार माणूस, पण बाकी सगळा आनंद. मी दोन-तीन आठवडे नीट पाळत ठेवली. पूर्वेला बॅगा, पश्चिमेला पाळणे. पुन्हा पूर्वेला बॅगा आणि खोकी, पश्चिमेला पाळणे आणि उशा. म्हणजे आम्ही काय बघतो याच्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. भिंतीपलीकडची माणसं आपापल्या मोबाइलवर जे शोधत होती, ते त्यांच्या वायरीतून गळत गळत आमच्यापर्यंत येत होतं.

माझा हात सुईसकट तसाच राहिला. धाकट्याच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. दोनदा आशा लागली आणि दोन्ही वेळा मोडली. दोन्ही वेळा त्यांनी आनंदाने सगळ्यांना सांगून टाकलं होतं, आणि मग एकेकाला गाठून पुन्हा सांगावं लागलं होतं, की नाही, राहिलं नाही. धाकटी सून तेव्हा माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली होती, "आई, दुसऱ्यांदा सांगताना जास्त त्रास होतो." म्हणून या खेपेला कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. मला आनंद झाला आणि त्याच दमात वाटलं, पुन्हा तसं नको व्हायला.

आणि दुसरीकडे थोरला निघाला होता. त्या संध्याकाळी तो नेहमीसारखा येऊन पाणी प्यायला, ह्यांच्या खुर्चीमागे उभा राहून त्याने बंदर बघितलं, आणि नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ बघितलं.

"ही क्रेन रुळांवर चालते," तो म्हणाला.

"तुझी नाही चालत?" ह्यांनी विचारलं.

"माझी एका जागी उभी असते."

एवढं बोलून तो गेला. त्याच्या मानाने हे भाषण होतं. मी समजायचं ते समजले. थोरल्याची मुलगी, आमची नात, होस्टेलवर शिकायला गेल्यापासून त्या नवरा-बायकोचं इथे मन रमत नव्हतं, आणि कुठल्या तरी बंदराने त्याला बोलावलं होतं.

त्याने जाऊ नये असं माझं म्हणणं नव्हतं. पोरं काय बापाच्या नकाशातली गावं आहेत, जिथे काढली तिथेच राहायला. पण एक भाऊ कायमचा निघालाय आणि दुसऱ्याच्या घरी बाळ येतंय, आणि दोघांनाही एकमेकांचं काही माहीत नाही, हे मला सहन होईना. मधे पातळ भिंत असताना जे बोलत नाहीत, ते मधे समुद्र आल्यावर काय बोलणार. अबोला घेऊन तो गेला तर तो अबोला आमच्यानंतरही राहील, आणि त्या बाळाला काका असून नसल्यासारखा होईल. मला एवढंच हवं होतं, की जायच्या आधी त्यांनी एकदा एकमेकांशी बोलावं.

"मग सांग ना त्यांना," असं म्हणाल. काय सांगू? मला कुठे कुणी सांगितलं होतं? थोरली सून माझ्यासमोर कपाटाचा वरचा कप्पा रिकामा करत होती आणि म्हणत होती, "झुरळं झालीत हो आई." धाकटी समोर बसून लिंबू चोखत होती आणि म्हणत होती, "ऊन वाढलंय." आणि मी दोघींकडे बघून मान डोलवत होते. ह्यांनी तर मला बजावूनच ठेवलं, "अगं, आपल्याला दिसलं म्हणजे आपल्याला सांगितलं असं होत नाही." म्हणून मी मूग गिळून बसले. माझ्या स्वभावाच्या बाईला मूग गिळणं किती जड जातं ते माझ्या कवळीला विचारा.

असे आठवडे गेले आणि एक रविवार आला. आकाश ढगाळ होतं आणि खोलीत बंदराचाच करडा उजेड पसरला होता, आतला कुठला आणि बाहेरचा कुठला ते कळू नये असा. ह्यांची झोप नीट झाली नव्हती. ह्यांनी खटका धरला, अर्ध्यावर आणला, नेहमीसारखे थांबले, आणि तसेच खुर्चीत पेंगले. हात खटक्यावरून घसरून मांडीवर आला. पडद्यावर क्रेन थबकली होती. तिच्या आकड्याला एक लाल खोकं अधांतरी लटकत होतं, धड जहाजावर नाही आणि धड धक्क्यावर नाही.

मी त्या लाल खोक्याकडे बघत बसले. घरात कुठे काही वाजत नव्हतं. खटक्याच्या डबीशेजारी टेबलावर आणखी एक छोटी डबी असायची, पाच भोकांची, तिच्यात खटक्याकडून आलेली वायर, कॉम्प्युटर आणि प्रिंटर जोडलेले. त्यातली दोन भोकं रिकामी होती. किती तरी दिवस ती माझ्या डोळ्यांसमोर होती, पण तशी कधी दिसली नव्हती.

हात आपोआप गेले. खटक्याच्या डबीतून मी पूर्वेची निळी वायर काढली, पश्चिमेचीही काढली, आणि दोन्ही त्या रिकाम्या भोकांत बसवल्या. टक, टक. बोटांना इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, माहेरी गेल्यासारखं. नेमकं काय होणार हे मला माहीत नव्हतं, खोटं कशाला बोलू. पण दोन माणसांच्या तारा एकत्र आल्या आणि काहीच घडलं नाही, असं माझ्या नोकरीत एकदाही झालं नव्हतं. डबीवरचे बारके दिवे लुकलुकायला लागले. पडद्यावरची क्रेन हलली आणि लाल खोकं हळूच खाली गेलं. मी ह्यांच्या अंगावर चादर टाकली आणि मोजा हातात घेतला.

पहिल्यांदा आलं ते गाणं. धाकटी सून दुपारी काम करताना गाणी लावते, ती मला पश्चिमेच्या दारातून ऐकू येतात. त्या दिवशी ती पूर्वेकडून यायला लागली. थोरलीच्या स्वयंपाकघरातल्या स्पीकरमधून जावेच्या आवडीचं गाणं निघालं, आणि थोरली भांडी घासता घासता थांबली. तिने ते बंद केलं नाही. थोड्या वेळाने पाण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला, पण आधीपेक्षा हळू.

मग पूर्वेच्या दारातून थोरली आत आली, हात पुसत, जरा भेदरलेली. "आई, आमच्या टीव्हीवर दात आलेत."

जाऊन बघते तर खरंच, टीव्हीभर एक कवळी. वरची, गुलाबी हिरड्यांची, उशीपेक्षा मोठी. पलीकडे धाकटा आपल्या मोबाइलवरून स्वतःच्या टीव्हीवर कामाचे फोटो लावायला गेला होता आणि ते भिंत ओलांडून इकडे आले होते. एकामागून एक कवळ्या येत राहिल्या, दाढा, सुळे, कुणाचं तरी सबंध हसू. थोरला सोफ्यावर बसून बघत होता.

"चांगलं काम करतो," तो म्हणाला. कोण ते त्याने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

संध्याकाळ जशी उतरत गेली तसं घर आणखीच सैल झालं. ह्यांच्या प्रिंटरने मला न विचारता एक पान बाहेर काढलं आणि त्यावर थोरल्याच्या क्रेनच्या परवान्याचा अर्धा भाग होता, उरलेल्या अर्ध्यात रंग संपला. धाकट्याकडचा दिवा थोरल्याकडच्या बटणाने लागला. मी एका दारातून दुसऱ्या दारात फिरत होते आणि मला वाटत होतं, मधली भिंत कुणीतरी पाण्यात बुडवून ठेवली आहे आणि ती आता विरघळणार. ही माझी करणी आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मला फार मजा येत होती.

मग थोरल्याच्या हातातल्या मोबाइलवर पाळणे आले.

मी दारातच उभी होते. तो बॅगा बघत असणार. त्याचा अंगठा थांबला. त्याने मोबाइल जवळ नेला, मग लांब धरला. "आपल्याकडे हे कुठून?" थोरलीने विचारलं. त्याने भिंतीकडे बघितलं, आणि थोरलीनेही भिंतीकडे बघितलं, आणि ती हळूच खाली बसली. "किती वर्षांनी," ती म्हणाली, आणि तिने तोंडाला पदर लावला. बायकांना सांगावं लागत नाही.

पश्चिमेकडे मी पळतच गेले म्हणा ना. तिथे धाकटी सून लॅपटॉप फिरवून नवऱ्याला दाखवत होती. "बघा ना, सकाळपासून पाळणे दाखवत होते, आता सामानाच्या गाड्या दाखवतायत. समुद्रकाठी घर हवंय का, असं विचारतायत." धाकट्याने वाकून बघितलं. तो चटकन समजला. त्याच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं, की रागावलेल्या माणसाला सगळ्यात जास्त धास्ती असते ती, ज्याच्यावर रागवायचं तोच निघून जाण्याची.

आणि तेवढ्यात सगळं थांबलं. गाणं तुटलं, टीव्हीवर गोल गोल फिरायला लागलं, दोन्हीकडचं नेट एकदम गेलं. दोन्ही वायरी एका भोवऱ्यात अडकल्या असणार. मी खोलीत परतले तर हे जागे झाले होते आणि थिजलेल्या बंदराकडे बघत होते.

"तू काय केलंस?" हे म्हणाले.

"जोडून दिलं," मी म्हटलं.

ह्यांनी पाच भोकांच्या डबीकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण हे इतकंच म्हणाले, "एवढ्या वर्षांत मला सुचलं नाही."

दोन्ही दारं एकदमच उघडली. पूर्वेतून थोरला आला, पश्चिमेतून धाकटा. नेट गेलं की मूळ शोधायला दोघांनाही इथेच यावं लागणार होतं, कारण दोघांचीही वायर इथेच संपत होती. एकमेकांना बघून दोघंही उंबऱ्यावर अडले. पण मागे जायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि दोघांपैकी कुणाला ते जमणारं नव्हतं. मग दोघंही टेबलाखाली वाकले. जागा एकाची होती, त्यात दोन थोराड माणसं गुडघ्यांवर बसली. मोबाइलचा उजेड एकाने धरला.

"कुठली निळी तुझी?" धाकट्याने विचारलं.

भिंत झाल्यापासूनचे हे पहिले शब्द.

"ही," थोरला म्हणाला. "नाही. ती."

"दोन्ही सारख्याच आहेत."

"हो."

एक्सचेंजमध्ये आम्हाला नियम होता, की जोडून दिलं की आपला कान काढून घ्यायचा, दुसऱ्यांचं बोलणं ऐकायचं नाही. पण मी निवृत्त आहे. मी पलंगावर बसून राहिले आणि कान टवकारले. हे खुर्चीत तसेच बसले होते, पाय वर घेऊन, म्हणजे मुलांना अडचण नको.

टेबलाखाली बराच वेळ नुसतीच खुडबुड चालली. मग धाकट्याचा आवाज आला.

"बॅगा तुझ्या का?"

"हो. पाळणे तुझे?"

"हो. सांगितलं नव्हतं कुणाला."

"बरं केलंस."

"कधी जातोयस?"

"पुढच्या महिन्यात. बंदरावर काम मिळालंय."

"मला सांगितलंसुद्धा नसतंस," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "कारकुनाच्या वेळी जसं केलंस, तसंच. मी परत आलो असतो तर घरात कुणी नसतं."

उजेड हलला. थोरल्याने मोबाइल खाली ठेवला असावा. मला वाटलं, झालं, आता पुन्हा मिठाची गुळणी. पण अंधारात आणि एवढ्या अडचणीत माणसाला बोलायला सोपं जात असेल.

"तुला बोलावणार होतो," थोरला म्हणाला. "फोन हातात घेतला होता. त्याला उठताच येत नव्हतं रे. नुसतं अंग हललं तरी कळवळायचा. दुसरं कुणी आलं तर पडून राहायचा, बघायचा. पण तू आला असतास तर तो उठायला गेला असता. तुझ्यासाठी तो उठलाच असता. म्हणून नाही बोलावलं."

मग मला हुंदका ऐकू आला, आणि तो कुणाचा ते मला कळलं नाही. मी दोघांना जन्म दिलाय, दोघांचं रडणं मी झोपेतसुद्धा वेगळं ओळखायचे, पण त्या दिवशी नाही ओळखता आलं.

"हे तेव्हा का नाही बोललास?" धाकट्याने शेवटी विचारलं.

"तू विचारलं नाहीस. तू म्हणालास, मला विचारलं नाहीस. त्याला मी काय सांगू? विचारलं नव्हतंच."

हे खुर्चीत डोळे मिटून बसले होते. मी पदराने नाक पुसत होते. टेबलाखाली कुणीतरी एक वायर काढली, आणि डबीवरचे दिवे शांत झाले, आणि वर पडद्यावर बंदर हललं. कुठल्या बाजूचं नेट लागलं होतं ते मला कळलं नाही आणि ह्यांनीही डोळे उघडून बघितलं नाही. दोघंही बाहेर आले नाहीत.

"दादा," धाकटा म्हणाला. "तू जा बंदरावर. पण ऐक. तू मला बोलावलं नव्हतंस. मी तुला बोलावीन."

"बाळ झालं की लगेच फोन कर," थोरला म्हणाला.

"बाळ झालं तर बोलावीनच," धाकटा म्हणाला. पुढचं वाक्य त्याच्या तोंडून एकेक शब्द करून आलं. "पण नाही झालं, याही वेळी नाही राहिलं, तरी मी तुला बोलावीन. मला एकट्याने नाही झेपणार."

थोरल्याने क्षणाचाही वेळ लावला नाही.

"वर बसलेला असलो तरी उतरून येईन," तो म्हणाला.

मी रडले. तोंड फिरवून वगैरे नाही, सरळ रडले, आणि टेबलाखालून दोघांनी एकदमच विचारलं, "आई, काय झालं?"